आधी काम ठरवा, मग खेळ: सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांचा व्हीआर सराव

सेरेब्रल पाल्सी (लहान वयातच मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचाल आणि तोल बिघडणं) असलेल्या मुलासाठी व्हीआर थेरपी, म्हणजे संगणकाच्या आभासी दुनियेत खेळत केलेला सराव, सुरू करायची म्हटली की पहिला प्रश्न ‘हेडसेट कुठला घ्यायचा?’ असाच येतो. हेडसेट म्हणजे डोळ्यांवर बांधायचा पडदा. तो प्रश्न बराच नंतर यायला हवा. आधी विचारायचं ते हे: येत्या दोन महिन्यांत या मुलाला नेमकं काय जमायला हवंय? एका हाताने वही धरून दुसऱ्या हाताने खोडणं, बाकावर बसून आपले आपण मोजे घालणं, वर्गात वॉकरशिवाय फळ्यापर्यंत चार पावलं जाणं. ‘हात सुधारावा’, ‘तोल सुधारावा’ एवढ्यावरून खेळ निवडता येत नाही. मोजे घालायला कमरेतून पुढे वाकून परत सरळ व्हावं लागतं आणि दोन्ही हात पावलापाशी एकत्र यावे लागतात. एवढं कळलं की नेमकं तेच करायला लावणारा खेळ शोधता येतो.

व्हीआरची गरज कुठे आहे, हे तासांच्या हिशोबात दिसतं. हाताच्या सरावावरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार एखादं ठरावीक काम जमायला साधारण १४ ते २५ तासांचा सराव लागतो, आणि हाताच्या एकूण वापरात फरक पडायला ३० ते ४० तास. आता आठवड्यातून दोनदा ४५ मिनिटांची थेरपी धरा. त्यात स्नायू ताणून मोकळे करणं, बसवणं, समजावणं, रुसवा काढणं वजा केलं तर हाताला खरा सराव मिळतो फार तर २० मिनिटं. म्हणजे आठवड्याला ४० मिनिटं, आणि २० तास भरायला ३० आठवडे. ही तूट भरून काढणं हेच खेळाचं काम. मूल कंटाळल्याशिवाय तीच हालचाल शेकडो वेळा करतं आणि प्रत्येक वेळी जमलं की नाही हे त्याला लगेच कळतं. याहून जास्त काही व्हीआरकडून अपेक्षित नाही, आणि एवढं मिळालं तर ते खूप आहे.

२०२२ मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांचा जोर तीन गोष्टींवर आहे: उद्दिष्ट मुलाने स्वतः निवडलेलं असावं, सराव पूर्ण कामाचा असावा, आणि तो जिथे ते काम करायचंय तिथेच व्हावा. व्हीआर यातल्या शेवटच्या दोन्ही गोष्टींत मुळातच कमी पडतं. पडद्यावरच्या पेल्याला वजन नसतं, तो घसरत नाही, सांडत नाही. म्हणून खेळ संपला की त्याच बैठकीत खरं काम करून घ्यायचं, हा नियम मोडू नये. वेळ कमी पडला तर खेळातून कापावा, खऱ्या कामातून नाही.

पडदा की हेडसेट

मुलांच्या थेरपीत ज्याला व्हीआर म्हणतात, त्यातला मोठा भाग अजूनही साध्या पडद्यावरचा आहे. निनटेंडो वी हे टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र वापरून एका किशोरवयीन मुलावर केलेल्या उपचारांचा अहवाल २००८ मध्ये आला आणि तेव्हापासून बाजारातली खेळण्याची यंत्रं थेरपीत रुळली. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट, म्हणजे शरीराची हालचाल टिपणारा कॅमेरा, आला. हातात काहीही न धरता खेळता येत असल्यामुळे मूठ उघडत नसलेल्या मुलांसाठी तो वरदान ठरला. २०१७ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं, तरी जुने संच अनेक ठिकाणी वापरात आहेत आणि थेरपीसाठी बनवलेल्या कॅमेऱ्यांमागेही तेच तत्त्व आहे.

माझं मत स्पष्ट आहे: दहा वर्षांखालच्या बहुतेक मुलांसाठी मोठा पडदा आणि कॅमेरा हीच योग्य सुरुवात. मुलाला आपले हातपाय दिसतात, थेरपिस्टचा चेहरा दिसतो, पडायला लागलं तर सावरता येतं. हेडसेटमध्ये हे तिन्ही जातं. शिवाय हेडसेट मोठ्यांच्या मापाचे असतात. मेटा कंपनीच्या क्वेस्ट २ आणि क्वेस्ट ३ या हेडसेटचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास आहे आणि ते बहुतेक चेहऱ्याच्या पुढे येतं. मान नीट सावरत नसेल तर दोन मिनिटांत हनुवटी छातीला टेकते. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर साधारण ५० ते ५५ मिलिमीटर असतं. क्वेस्ट २ ची भिंगं ५८ पेक्षा जवळ येत नाहीत, त्यामुळे चित्र धूसर दिसतं आणि डोळे शिणतात. कंपन्यांनी किमान वयही ठरवून दिलं आहे: मेटाच्या क्वेस्टसाठी २०२३ पासून १० वर्षं, सोनीच्या पीएस व्हीआर २ साठी १२ वर्षं. थेरपीच्या नावाखाली ही अट शिथिल होत नाही.

मोठ्या मुलांत मात्र हेडसेट जे देतो ते पडदा देऊ शकत नाही. दृश्याला खोली (डेप्थ) मिळते, वस्तू किती लांब आहे ते कळतं, आणि आजूबाजूचं लक्ष विचलित करणारं सगळं बाजूला होतं. बारा-तेरा वर्षांचा, स्वतः चालणारा, एका बाजूला अशक्तपणा असलेला मुलगा पडद्यावरच्या खेळांना ‘लहान मुलांचं’ म्हणून नाकारतो आणि हेडसेटवर अर्धा तास हात डोक्यावर नेत राहतो.

सुरू करण्याआधी विचारायचं ते

फिट्सचा इतिहास सर्वांत आधी. सेरेब्रल पाल्सी असलेल्या दर चार मुलांमागे किमान एकाला अपस्मार असतो. शेवटची फिट कधी आली, औषध नुकतं बदललंय का, लुकलुकणाऱ्या प्रकाशाने कधी त्रास झालाय का, हे विचारून न्यूरॉलॉजिस्टची लेखी संमती घ्यावी. जागरण किंवा ताप असेल त्या दिवशी खेळ नाही.

डोक्यात शंट (मेंदूतलं जास्तीचं पाणी वाहून नेणारी नळी, तिला प्रवाह ठरवणारा व्हॉल्व्ह असतो) असेल तर दोन गोष्टी. हेडसेटचा पट्टा व्हॉल्व्हवर दाबला जाता कामा नये. आणि व्हॉल्व्ह बाहेरून चुंबकाने जुळवता येणारा असेल, तर हेडसेट आणि कंट्रोलरमध्ये चुंबक असतात हे न्यूरोसर्जनला सांगून त्यांचा होकार येईपर्यंत हेडसेट डोक्याला लावू नये. ही बाब सहज निसटते, कारण शंट केसांखाली असतो आणि पालकांना खेळाचा आणि त्याचा काही संबंध असेल असं वाटतच नाही.

नजर तपासलेली असावी. तिरळेपणा या मुलांत नेहमीचा आहे आणि दोन डोळ्यांची चित्रं जुळत नसतील तर हेडसेटमधली खोली त्यांना दिसतच नाही. मेंदूतून येणारा दृष्टिदोष असेल तर गर्दीचं, रंगीबेरंगी दृश्य म्हणजे नुसता गोंधळ. अशा मुलासाठी काळी पार्श्वभूमी, एकच पिवळी किंवा लाल वस्तू आणि संथ हालचाल असलेला खेळ निवडावा.

नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, दुखणारा खुबा, त्वचेवरची जखम ही थांबायची कारणं. बोटॉक्स (ताठर स्नायू सैल करणारं इंजेक्शन) दिलं असेल तर उलट ती संधी आहे. परिणाम साधारण तीन ते चार महिने टिकतो, त्यामुळे सरावाचे सर्वांत जास्त तास त्या काळात बसवावेत.

बसणं, उभं राहणं, मांडणी

बसून खेळायचं असेल तर पाय अधांतरी नकोत. खुबे आणि गुडघे काटकोनात, पावलं पूर्ण टेकलेली, जमिनीला पोचत नसतील तर खाली लाकडी ठोकळा, ओटीपोटावर पट्टा. ओटीपोट स्थिर नसेल तर हाताच्या प्रत्येक हालचालीबरोबर मूल सावरायलाच सगळी ताकद खर्च करतं. समोर टेबल हवं असेल तर कोपराच्या उंचीचं.

कॅमेरा असेल तर मुलापासून साधारण दोन मीटरवर. उन्हाच्या खिडकीसमोर तो ठेवू नये, कारण सूर्यप्रकाशातल्या अवरक्त किरणांमुळे कॅमेऱ्याचा अंतर मोजण्यात गोंधळ होतो. सैल झगा, काळे चमकदार कपडे आणि खुर्चीची उंच पाठ यांच्यामुळे शरीराची कड नीट ओळखता येत नाही. वॉकरच्या नळ्यांनी पाय झाकले जातात आणि पडद्यावरची आकृती उगाच थरथरायला लागते. सर्वांत जास्त अडचण थेरपिस्टचीच होते: मागून धरलं की कॅमेरा दोघांना एक शरीर समजतो किंवा तुमचाच हात मुलाचा म्हणून मोजतो. बाजूला गुडघ्यावर बसावं, आधार खालून द्यावा आणि आपला हात मुलाच्या धडाला चिकटलेला ठेवावा.

हेडसेटसाठी किमान दोन बाय दोन मीटर मोकळी जागा आणि मूल काय बघतंय ते बाहेरच्या टॅबलेटवर दिसेल अशी जोडणी आवश्यक. त्याशिवाय सुरूच करू नये. आत काय चाललंय ते दिसत नसेल तर मूल अडकलंय की घाबरलंय, हेच कळत नाही.

तोल मोजणाऱ्या फळीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ती सोपी दिसते आणि सहज फसवते. वी यंत्राबरोबरच्या, ज्यावर उभं राहायचं त्या फळीत चार कोपऱ्यांत चार संवेदक असतात. ती जाड गालिच्यावर ठेवली तर पाय रुततात आणि आकडे चुकतात, म्हणून कडक जमिनीवरच ठेवावी. तिची उंची पाचेक सेंटिमीटर आहे, म्हणजे चढताना-उतरताना धोका, त्यामुळे हात धरूनच. मध्यबिंदू ठरवताना मूल वाकडं उभं असेल तर यंत्र तोच सरळपणा मानतं आणि पुढचा सगळा सराव वाकडं उभं राहण्याचाच होतो. म्हणून आधी आरशासमोर किंवा हाताने सरळ करून मगच मध्य नोंदवावा, आणि तोही पायात रोजचे स्प्लिंट (सांधा योग्य स्थितीत धरणारे आधार) असतील तर ते घालूनच. आणखी एक आकडा बघायचा तो एकूण वजनाचा. मूल २२ किलोचं आणि फळी १७ दाखवतेय, तर उरलेले पाच किलो आधारासाठी धरलेल्या समोरच्या दांड्यावर आहेत. तोलाचा सराव हात करतायत, पाय नाही. अशा वेळी दांडा काढून घेऊ नये. तळहाताऐवजी दोन बोटं टेकवायला सांगावीत आणि तो आकडा आठवड्यागणिक वर सरकतोय का ते पाहावं.

खेळाचा वेग, अंतर, आकार

स्पॅस्टिसिटी, म्हणजे स्नायूंचा ताठरपणा, वेगावर अवलंबून असते. स्नायू जितक्या झटक्याने ताणला जाईल, तितका तो जोराने आखडतो. म्हणून वेगवान खेळात ताठर हात जास्तच मिटतो आणि पालकांना वाटतं मूल प्रयत्न करत नाही. सगळ्यांत आधी हात लावायचा तो वेगाच्या पट्टीला, आणि तो कमी करायला. वेग बदलता येत नसेल तर तो खेळ सोडून द्यावा, कितीही आकर्षक असला तरी.

अंतर मोजून ठरवावं. मूल धड न हलवता हात किती लांब नेऊ शकतं ते टेपने मोजा आणि लक्ष्य त्या अंतराच्या ८० ते ९० टक्क्यांवर ठेवा. दहातले सातेक प्रयत्न यशस्वी होतायत, तर पातळी बरोबर आहे. दहाही जमले तर सराव नाही, करमणूक. तीनच जमले तर पाच मिनिटांत मूल उठून जाईल.

डिस्कायनेटिक, म्हणजे अंग आपोआप हलत राहणाऱ्या, प्रकारात अडचण वेगळी असते. उत्साह वाढला की अनैच्छिक हालचाली वाढतात, मोठ्या आवाजाने सगळं शरीर दचकतं. आवाज बंद, गुणांचा घंटानाद बंद, लक्ष्य मोठं, आणि नुसता स्पर्श नव्हे तर एक-दोन सेकंद हात तिथेच ठेवला तरच गुण. मान वळवली की त्या बाजूचा हात ताठ आणि दुसरा दुमडला जात असेल, तर लक्ष्यं मधल्या रेषेवर ठेवावीत, टोकाला नकोत.

आता एकच प्रयत्न जवळून पाहू. उजवी बाजू बाधित असलेली सात वर्षांची मुलगी, पडद्यावर वरच्या उजव्या कोपऱ्यात फुगा. ती हात नेते. पहिल्यांदा खांदा कानाकडे चढतो. मग धड डावीकडे कलतं आणि त्याबरोबर हात वर येतो. कोपर मात्र होता तिथेच दुमडलेला, मनगट खाली पडलेलं, अंगठा तळव्यात. फुग्याला लागतो तो मनगटाचा मागचा भाग. फुगा फुटतो, टाळ्या वाजतात, दहा गुण. यंत्राच्या दृष्टीने प्रयत्न यशस्वी. पण कोपर सरळ होणं आणि मूठ उघडणं, ज्यासाठी हा खेळ निवडला, त्यातलं काहीच झालं नाही. अशा दोनशे फुग्यांनी ती धड कलंडवण्यातच तरबेज होईल.

इथे ‘सरळ बस’ असं ओरडून उपयोग नाही. फुगा खाली आणावा, खांद्याच्या पातळीच्या थोडा खाली आणि सरळ समोर. पाठ टेकलेली राहील अशी खुर्ची द्यावी. उजव्या खांद्यावर धान्य भरलेली छोटी कापडी पिशवी ठेवावी: खांदा चढला की ती पडते, आणि न पाडता किती फुगे फुटले ते मुलगी स्वतःच मोजायला लागते. कोपर सरळ व्हायला लागल्यावरच फुगा एकेक इंचाने वर न्यावा. अंगठ्यासाठी मऊ स्प्लिंट घालूनच खेळावं.

कंट्रोलर धरायचा असेल तर मूठ आणि तो यांच्याभोवती वेल्क्रोचा रुंद पट्टा लावता येतो, पण एकाच बोटाने ट्रिगर दाबणं यातल्या बऱ्याच मुलांना शक्य नसतं. दाबायला गेलं की सगळी मूठ आवळते. त्यामुळे नुसत्या स्पर्शाने चालणारे खेळ निवडावेत. हेडसेटचा कॅमेरा उघडा हात चांगला ओळखतो, पण आवळलेली मूठ त्याच्या हातून वारंवार निसटते. अशा वेळी दोष मुलाच्या हाताचा नाही, हे मुलाला मोठ्याने सांगावं.

एका हाताने जिंकता येणारा खेळ असेल तर मूल चांगल्याच हाताने जिंकणार, यात नवल नाही. दोन्ही हातांनी एकच काठी धरून खेळायला द्यावं किंवा चांगल्या हाताला दुसरं काम द्यावं. तो बांधून ठेवणं ही वेगळी, नियोजनपूर्वक करायची थेरपी आहे. घरच्या घरी करून बघायची ती गोष्ट नव्हे.

बैठक

पहिली दहा मिनिटं ताण काढणं, बसवणं आणि खरं काम एकदा करून बघणं. मग पडद्यावर वीसेक मिनिटं, चार-पाच मिनिटांच्या तुकड्यांत. शेवटची पंधरा मिनिटं खऱ्या वस्तूंसह, त्याच दिशेला, त्याच उंचीवर. फुगा जिथे होता त्याच उंचीच्या शेल्फवर पेला ठेवायचा. आधी रिकामा, मग अर्धा भरलेला.

हेडसेट असेल तर पहिल्या दिवशी पाच मिनिटं पुरे. आतली दुनिया कंट्रोलरने सरकवणारे खेळ टाळावेत, कारण डोळे ‘चाललो’ सांगतात आणि आतला कान ‘बसलोय’ सांगतो, तिथूनच मळमळ सुरू होते. बोलू न शकणाऱ्या मुलात खुणा ओळखाव्या लागतात: चेहरा फिका पडणं, जांभया, कपाळावर घाम, लाळ एकदम वाढणं, अचानक गप्प होणं, हात हेडसेटकडे जाणं. यातलं एक जरी दिसलं तरी लगेच काढावा, ‘हा डाव संपू दे’ नाही. काढल्यावर दहा मिनिटं बसवून ठेवावं, कारण तेवढा वेळ तोल आणखी डळमळीत असतो. लाळ गळते त्यांच्यासाठी सिलिकॉनचं धुता येणारं आवरण लावावं. भिंगं कोरड्या मऊ कापडानेच पुसावीत, अल्कोहोलने त्यांच्यावरचा थर जातो.

नव्याची नवलाई काही आठवड्यांत ओसरते. तेव्हा खेळ बदलावा, हालचाल तीच ठेवावी. आणि भावंडाला किंवा आईबाबांना समोर खेळायला बसवावं. हरवायला कोणी असलं की मूल आणखी दहा मिनिटं टिकतं.

घरी सराव द्यायचा तर पालकांना सूचनांची वही नको. मुलाच्या योग्य बसण्याचा एक फोटो, एकच खेळ, एकच पातळी, रोज वीस मिनिटं, आणि आठवड्यातून एकदा बाजूने काढलेला तीस सेकंदांचा व्हिडिओ. समोरून काढलेल्या व्हिडिओत धड पुढे किती झुकतंय ते दिसत नाही.

प्रगती कशाने मोजायची

खेळाच्या गुणांनी नाही. गुण वाढतात कारण फुगा कुठून येणार ते पाठ होतं. हातासाठी बॉक्स अँड ब्लॉक्स चाचणी स्वस्त आणि सोपी: ६० सेकंदांत खोक्याच्या मधल्या उभ्या फळीवरून किती ठोकळे पलीकडे गेले ते मोजायचं. तोलासाठी बालकांचा बॅलन्स स्केल, १४ बाबी, ५६ गुण. सर्वांत मोलाचं मोजमाप कोपम (COPM) ही मुलाखतीवर आधारलेली मोजणी, ज्यात मूल आणि पालक ठरवलेल्या कामाला दहापैकी गुण देतात. दोन गुणांचा फरक पडला तर तो खरा मानतात. सुरुवातीला आणि सहा ते आठ आठवड्यांनी, एवढंच पुरे.

गुण चढतायत पण मोजे अजून आईच घालतेय, असं दिसलं तर आधी तपासायचं की खेळातली हालचाल आणि कामातली हालचाल एकच आहे का. बहुतेक वेळा नसते: खेळ हात वर न्यायला लावतो आणि मोज्यासाठी तो खाली जायला हवा. लक्ष्य पावलापाशी आणून चार आठवडे पाहावं. तरीही फरक नसेल तर यंत्र बंद करून तोच वेळ थेट मोज्यांना द्यावा. आणि काम जमायला लागलं असेल तरी यंत्र बंदच करायचं, कारण आता रोज सकाळी सराव आपोआप होतोय. पुढचं काम कुठलं, ते मुलाला विचारून परत टेप हातात घ्यायची.